पल्याडचा माणूस

नाल्याच्या बरोबर मध्ये एक चपटा दगड होता. त्या दगडावर आला की तो थांबायचा, खांद्यावरची कमान पुढे घ्यायचा आणि लाकडी मुठीने तिची तात एकदाच छेडायचा. तुंईंईं. आवाज दोन्ही काठांवर जायचा. मग आधी एका काठाकडे आणि नंतर दुसऱ्या काठाकडे तोंड करून तो दोन्हीकडे एकच वाक्य म्हणायचा, "अल्याडच्यांनो, आलो बरं!"

तो आमच्या गावचा पिंजारी. गाद्या आणि उशांचा कापूस पिंजून द्यायचा. सारं गाव त्याला चाचा म्हणे. त्याचं खरं नाव मला ठाऊक आहे. पण ते एका यादीत असायला हवं होतं आणि नव्हतं, म्हणून इथेही लिहीत नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल. कापसाचे तंतू त्याच्या भुवयांत, दाढीत, कानाच्या पाळीवर अडकलेले असायचे. आम्हा पोरांना वाटे, चाचा जन्मतःच म्हातारा आहे. एकदा तो नाल्यात तोंड धुताना दिसला आणि आमच्यातला एक जण ओरडला, "अबे, चाचा जवान होऊन राह्यला!" चाचा ओल्या तोंडाने हसला. "जवानीच हाय ते. रुईखाली ठेवली हाय, मळू नाई म्हनून."

नवी गादी शिवून दिली की नवरा-बायकोला तो सांगे, "रुई म्या बराबर टाकली. आता भांडन तुमी बराबर टाका, एका बाजूले दबू देऊ नका."

आमचं गाव शिरपूर आणि रिसोड यांच्या मधल्या वाटेवरचं. नाल्याने त्याचे दोन भाग केलेले. एका काठावर चावडी, मारुती आणि मोठी विहीर. दुसऱ्या काठावर शाळा, मशीद, बाजाराची जागा आणि त्यापलीकडे कबरस्तान. आमचं घर चावडीकडे, चाचाचंही चावडीकडेच. आम्ही शाळेकडच्यांना पल्याडचे म्हणत असू. आता यात गंमत अशी की शाळेकडचे लोकही आम्हाला पल्याडचेच म्हणत. पल्याडचा म्हणजे जरा अडाणी, जरा लबाड, आमंत्रण दिलं तर घरच्या सगळ्यांना घेऊन येणारा. स्वतःला पल्याडचा म्हणवून घेणारा माणूस दोन्ही काठांवर मिळून एकही नव्हता. पन्नास पावलांवर मुलगी दिली तरी बाया डोळ्यांना पदर लावून म्हणत, "पोरगी पल्याड गेली."

म्हणून चाचा दोन्ही काठांना अल्याडच म्हणे. तो दोन्हीकडचं खात होता.

पण पावसाळ्यात ही गंमत राहत नसे. नाल्याला पूर आला की आमच्याकडची मुलं शाळेला मुकत आणि त्यांच्याकडच्या बाया विहिरीला. चाचाची बायको भादव्यात गेली, तेव्हा मी लहान होतो. कबरस्तान पलीकडे आणि नाला दोन्ही काठ भरून वाहत होता. जनाजा काठावरच्या बाभळीखाली थांबला. पाणी उतरायला दीड दिवस लागला. चाचा सारा वेळ त्या खाटेच्या बाजूला बसून होता आणि प्रेतावरची चादर पावसात भिजली की पिळून पुन्हा घालत होता. त्यानंतर त्याला एक बोलणं लागलं. कोणी तब्येत विचारली की म्हणायचा, "बाकी सब ठीक हाय. फक्त अल्लानं मले चैतात न्यावं. भादव्यात नाई."

आम्ही हसत असू. तोही हसे.

पुढे मी मोठा झालो, वाशीमला शिकून आलो. जंगल सत्याग्रहात गवत कापून तुरुंगात गेलेली माणसं सुटून परत आली होती आणि त्यांच्या हातची पत्रकं वाचत मी वाढलो होतो. त्याच सुमारास जिल्हा बोर्डाच्या मेंबराने आमच्या नाल्यावर दगडी रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, मंजूर करून आणला. तो दानशूर होता म्हणून नव्हे. आमचं गाव अखंड होतं, मतं एकगठ्ठा होती, म्हणून त्याला आमचं ऐकावं लागलं. शाळेच्या काठावर दगड येऊन पडले. चाचा रोज जाता-येता त्या ढिगाला हात लावून पाही, जसा माणूस विकत घेतलेल्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो.

आणि मग नोटीस आली. मतदारांच्या सर्कलांच्या हद्दी नव्याने आखल्या होत्या. नाल्याच्या पलीकडील वस्ती आमच्या सर्कलमधून काढून खालच्या सर्कलला जोडायची होती. हरकत असल्यास त्या पलीकडील वस्तीतल्या मतदारांनी साहेबांपुढे समक्ष हजर राहून सांगावी.

मी पेटून उठलो. ज्याने आमचा नाला कधी ओलांडला नाही, त्याने कागदावर एक रेघ ओढायची आणि एका गावाची दोन शेपटं करून दोन परक्या बैलांना लावून द्यायची! मग रपटा कोण बांधणार? हद्दीवरचं काम हे दुसऱ्याचं काम, हे मी तेव्हाही जाणत होतो. मी हाताने पत्रकं लिहिली, दोन्ही काठांवर चिकटवली. मारुतीच्या पारावर बोललो, बाजारात बोललो. लोकांनी साथ दिली. इतकी वर्षं एकमेकांना टोमणे मारणारे दोन्हीकडचे लोक म्हणू लागले की गाव तुटू द्यायचं नाही.

हरकतीचा अर्ज लिहून झाला तेव्हा मी तो चाचाला वाचून दाखवला. तो कापूस पिंजत बसला होता. ऐकताना त्याने तात थांबवली.

"बापू, हे पलीकडील म्हनजे कोन?"

"शाळेकडचे, चाचा. सगळ्यांना कळतं ते."

"मले नाई कळलं." त्याने भुवईतला कापूस काढून फुंकला. "मी चाळीस साल दोनी बाजूनं फिरून राह्यलो. मले तं पल्याडचा मानूस कदी भेटलाच नाई."

मी हसलो. म्हातारा विनोद करतो आहे असं मला वाटलं. अर्जात 'शाळेकडची वस्ती' एवढे दोन शब्द घालायला मला किती वेळ लागला असता? पण नोटिशीत जे शब्द होते तेच मी ठेवले. कायद्याची भाषा आपल्याला येते, याचा मला अभिमान होता.

साहेब आले ते चावडीत बसले. गाव लोटलं होतं. शाळेकडचे लोक धुतलेली धोतरं नेसून, टोप्या घालून आले होते. अंगणात डावीकडे ते, उजवीकडे आम्ही. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला. अर्जाचं नंतर, आधी माणसं पाहू, असं म्हणाले. चपराश्याने हाक दिली, "पल्याडचे मतदार पुढं या!"

कोणी हललं नाही.

शाळेकडच्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं.

"अबे, जा ना. तुमाले बलावून राह्यले," आमच्यातला एक जण म्हणाला.

"आमाले काहून? आमी अल्याडचे."

"चावडीत उभं राहून तू अल्याडचा कसा रे?"

"चावडीच तं पल्याड हाय!"

हशा पिकला. चपराश्याने दुसरी हाक दिली. आता कोणीतरी पुढे जायलाच हवं होतं. आणि मी, एक गाव एक गाव म्हणून घसा कोरडा केलेला मी, पायरीवर चढून शाळेकडच्या लोकांना मोठ्याने म्हणालो, "पल्याडच्यांनो, घाबरू नका! पुढं या!"

त्यांच्यातला एक थोराड शेतकरी ताडकन उठला. चेहरा लालबुंद. "पल्याडचा तुहा बाप!"

आता कोणी हसलं नाही. त्यांनी टोप्या सारख्या केल्या. "घाबरू नका म्हनते! भिकारी समजून राह्यला काय आमाले?" दोघं-तिघं उठले, मग बाकीचे उठू लागले. मी काहीतरी समजावू पाहत होतो. पण 'पल्याडचे' हा शब्द तोंडातून निघून गेला होता आणि परत येत नव्हता.

तिसरी हाक झाली.

तेव्हा चाचा पुढे आला. खांद्यावर कमान तशीच. "साहेब, मी पल्याडचा."

आमच्या गावात हे वाक्य कोणी कधी उच्चारलेलं आम्ही ऐकलं नव्हतं.

"घर कुठलं तुझं?"

"तो निंब दिसते ना? त्याच्या खाली."

"तो तर याच बाजूला आहे. मग तू पलीकडचा कसा?"

"घर अल्याड हाय साहेब. पन माही बायको अन् दोन लेकरं पल्याड हायेत."

"मग त्यांना घेऊन ये."

"ते येत नाईत, साहेब." चाचाचा आवाज नेहमीसारखाच होता, गिऱ्हाइकाला गादीचं माप सांगतानाचा. "कबरस्तानात हायेत. मलेही तिकडंच राहाले जायचं हाय. म्हनून म्हनतो, गाव तोडू नका. रपटा राहून जाईन."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने क्षणभर लेखणी खाली ठेवली. मग यादी उघडून नाव विचारलं आणि बोट फिरवत खालपर्यंत गेला. तेव्हा ठराविक शेतसारा भरणाऱ्यांनाच मत होतं. चाचाकडे एक निंब, एक खोली आणि एक कमान होती. "यादीत नाव नाही," साहेब म्हणाला. "ज्याला मत नाही त्याची हरकत घेता येत नाही, बाबा." आणि मतदार कोणी समक्ष आला नाही म्हणून अर्ज तसाच ठेवून त्याने लिहिलं की पलीकडील वस्तीकडून हरकत नाही.

चावडीच्या पायऱ्या उतरणारी शाळेकडची पाठमोरी माणसं मला अजून दिसतात. मी धावत गेलो नाही. का गेलो नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. रेघ साहेबाने कागदावर ओढली होती. जमिनीवर ती मी ओढली, सगळ्यांसमोर, एका शब्दाने.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नाला हद्द झाला. एक मेंबर म्हणे, रपटा त्यांच्याकडचा. दुसरा म्हणे, त्यांच्याकडचा. वर्षभराने गाड्या आल्या आणि काठावरचे दगड भरून दुसऱ्या कुठल्या रस्त्याला घेऊन गेल्या. त्याआधी चाचाने काही मोठे दगड लोटत नेऊन नाल्यात मांडले होते, चपट्या दगडाच्या अल्याड-पल्याड, पाऊल पडेल इतक्या अंतरावर. "सरकारी चोर हाय मी," असं सांगत तो भेटेल त्याला हात जोडी. पुराने दगड हलले की पाणी ओसरल्यावर पुन्हा सरळ करी. गुडघाभर पाण्यात वाकलेला चाचा हे गावाला सवयीचं झालं.

एकदा मी त्याच्यासोबत पाण्यात उतरलो. काही वेळाने म्हणालो, "चाचा, माझी चूक झाली."

त्याने दगडाखाली खडी सारली. "तू कायले रडतं बापू? तू तं अल्याडचा हायेस." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "हा दगड डुलून राह्यला. जरा धर."

यापलीकडे तो कधी काही बोलला नाही. शिवी दिली असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

आणि तो भादव्यात गेला.

तीन दिवस पाऊस लागला होता. सकाळी त्याला नेऊन आम्ही त्याच बाभळीखाली ठेवलं. नाला गढूळ, दगड एकही दिसत नव्हता. पलीकडच्या काठावर माणसं जमू लागली. चावडीच्या त्या दिवसानंतर दोन्ही काठांत हाकेचं बोलणंही उरलं नव्हतं. त्यांचा बाजार वेगळा, आमचा वेगळा. पाण्याच्या आवाजावरून एक हाक आली, "कोन गेलं?"

आमच्याकडून कोणी नाव सांगितलं नाही. काय सांगावं हे कोणाला सुचेना. एकाने चाचाची कमान बाभळीला टेकवली होती, ती उचलून दोन्ही हातांनी उंच धरली. पलीकडच्या टोप्या उतरल्या.

दुपारी पुन्हा हाक आली. मला पल्याडचा तुहा बाप म्हणणारा तोच थोराड शेतकरी पाण्याच्या कडेला उभा होता. "कबर खोदली हाय! तिच्यात पानी भरून राह्यलं! आमी उपसून राह्यलो!"

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर पाणी उतरलं आणि चाचाचे दगड एकेक करून वर आले. हलले नव्हते. तो शेतकरी दोर घेऊन पलीकडून पाण्यात उतरला, आम्ही इकडून जनाजा उचलला. एक दांडा माझ्या खांद्यावर होता. दगडावर पाऊल, मग पुढच्या दगडावर पाऊल. पाणी घोट्यांना ओढत होतं.

मध्यावरच्या त्या चपट्या दगडापाशी आम्ही थांबलो. कोणी थांबा म्हटलं नव्हतं. सगळ्यांचे पाय आपोआपच थांबले. समोर दोर धरून तोही थांबला. दोन्ही काठांवरचं सारं गाव बोलायचं बंद झालं आणि कान देऊन उभं राहिलं.

आम्ही बराच वेळ तसे उभे होतो. मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चला."