कुंदाताईंचा डावा पाय

नवी कोरी गाडी यार्डात रांगेत लावून झाली, इंजिन बंद केलं, की उतरण्याआधी कुंदाताई तिच्या स्टिअरिंगवर हलकेच थोपटायच्या आणि म्हणायच्या, "जा माय, नीट नांद." मग दार लावून पुढच्या गाडीकडे वळायच्या. गाडी पांढरी असो की काळी, प्रत्येकीला हाच निरोप. बाकीच्या बायका तोंडाला ओढणी लावून हसायच्या. एकदा सुपरवायझरनं विचारलं, "अहो, गाडीशी काय बोलता?" तर म्हणाल्या, "सासरी चाललीय साहेब. तिकडं कोन कसं वागवंल, आपल्याला काय म्हाईत?"

चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात त्या यार्ड ड्रायव्हर होत्या आणि मी त्याच यार्डाच्या गेटवर डिस्पॅचला होते. लाइनवरून तयार झालेली गाडी टेस्टिंग संपल्यावर ताब्यात घ्यायची, मैदानात नेऊन रांगेत लावायची आणि चालत परत यायचं, एवढंच त्यांचं काम. सीटवरचं प्लास्टिक काढायचं नाही, आरसा हलवायचा नाही, दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. पुढे ट्रेलर यायचे, गाड्या चढवून न्यायचे, आणि देशात कुठेतरी कुणीतरी त्यांना हार घालून पेढे वाटायचं. कुंदाताईंच्या वाट्याला प्रत्येक गाडीची ती पहिली दोन-तीन मिनिटं यायची. "शैला," त्या मला म्हणायच्या, "मी जेवढ्या गाड्या चालवल्यात तेवढ्या मंत्र्यानं बी चालवल्या नसत्याल. पन तिसरा गिअर लावला तो ड्रायव्हिंग स्कूलात. त्यावर हात गेला न्हाई परत."

त्या लातूरकडच्या. नवऱ्यानं दुसरं घर केलं तेव्हा लहानग्या मेघाला घेऊन मावसभावाच्या आधारानं मोशीला आल्या आणि कधीच परत गेल्या नाहीत. आमची बिल्डिंग एक, कंपनीची बस एक. बसमध्ये त्या खिडकीशी बसायच्या आणि बाहेरच्या गाड्यांवर शेरे मारायच्या. "हा बग, क्लचवर पाय ठिवून चालवायलाय. बायको बी अशीच दाबून ठिवली असंल यानं." नवऱ्याचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही. कुणी विचारलंच तर, "हाय तिकडं," एवढंच.

एका सकाळी बसमध्ये चढताना त्यांची डावी चप्पल पायरीवर निसटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. "चप्पल सैल झालीय," त्या म्हणाल्या आणि नवी घेतली. तीही निसटायला लागली. मग यार्डात गाडी लावताना त्यांचा पाय क्लचवरून घसरला आणि गाडी पुढच्या गाडीला टेकली. नखाएवढा ओरखडा आला होता, कुणाच्या लक्षातही आला नसता. कुंदाताई स्वतः चालत सुपरवायझरकडे गेल्या, ओरखडा दाखवला आणि म्हणाल्या, "माझा पाय ऐकंना झालाय. मला गाडीवरून काढा." कंपनीनं त्यांना बसून करायच्या कामाला लावलं, स्टिकर चिकटवायला.

तपासण्या बरेच दिवस चालल्या. शेवटी मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी मेघाला आणि मला समोर बसवून सांगितलं. मज्जातंतूंचा आजार आहे, स्नायू एकेक करत काम सोडत जातील, हात, पाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास. औषधानं थोडं लांबतं, थांबत नाही. मेघा रडायला लागली. कुंदाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि डॉक्टरांना विचारलं, "उजवा पाय कधी जाईल?" डॉक्टर म्हणाले, "ते सांगता येत नाही. डाव्यात सुरुवात झाली आहे." यावर त्यांनी नुसती मान हलवली. एखाद्यानं पत्ता सांगावा आणि आपण ध्यानात ठेवावा, तशी.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला फोनवर एका गाडीचा फोटो दाखवला. लाल, दोनच दारांची, जमिनीला टेकलेली, मागे पंख लावलेला. चिंचवडच्या एका गॅरेजवाल्यानं विकायला काढली होती. इंजिन बदललेलं, टर्बो बसवलेला, सायलेन्सर मनगट आत जाईल एवढा.

"ही घ्यावी म्हनते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतायत. "ताई, ही शर्यतीची गाडी आहे."

"म्हाईत हाय. रोज वापरायला पाहिजे मला. कामावर जायला, मंडईत जायला. एका दिवसाची हौस न्हाई करायची. चार लोक जशी आपली गाडी काढतेत, दार लावतेत, तसं."

"मग साधी घ्या ना. ऑटोमॅटिक घ्या. डाव्या पायाचं कामच नाही तिच्यात."

त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाल्या, "आपोआप चालायला माझं अंग हायच की गं. आपोआप कुठं बी चाललंय. गाडी तरी मला इचारून चालावी."

मेघानं खूप विरोध केला. माझ्याजवळ येऊन रडली, "मावशी, तुम्ही समजवा तिला." मी समजावलं नाही असं नाही, पण त्या गॅरेजवर जायला निघाल्या तेव्हा त्यांच्याबरोबर रिक्षात मीच बसले होते. एकटीनं जाऊ दिलं असतं तर त्या गेल्याच असत्या.

गॅरेजवाला संतोषशेठ भोसरीचा गाववाला, धिप्पाड माणूस. गिऱ्हाईक म्हणून दोन बायका आलेल्या पाहून आधी त्याला हसू आवरेना. पण कुंदाताईंनी बॉनेट उघडायला लावलं, खाली वाकून गाडीचं पोट बघितलं आणि रेडिएटरला हात लावून गाडी आधीच गरम करून ठेवलीय का ते पाहिलं. त्याबरोबर त्याचा सूर बदलला. खुर्ची मागवली, चहा मागवला.

"ताई, खरं सांगू का?" तो म्हणाला. "ही गाडी रोज चालवायची न्हाई. स्पीडब्रेकरला पोट घासतंय. चाकण रोडच्या खड्ड्यात घातली तर खालचं सगळं हातात यील. सस्पेन्शन दगडासारखं हाय. अन् क्लच रेसिंगचा बसवलाय, लई कडक. ट्रॅफिकमदी तासभर चालवली ना, डावा पाय जातोय माणसाचा."

कुंदाताईंना हसू फुटलं. इतकं, की त्यांच्या हातातला चहा हिंदकळला. संतोषशेठ गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघत राहिले.

"पाय तर जायचाच हाय शेठ," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "चालवून बगू द्या."

त्या दिवशी त्यानं नुसतं बसू दिलं. बसण्यासाठी त्यांना आधी डावा पाय हातानं उचलून आत ठेवावा लागला. क्लच दाबताना त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. दाबला मात्र पूर्ण. संतोषशेठनं ते पाहिलं. निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "ताईंच्या पायाला काय झालंय?" मी सांगितलं. त्यानं वळून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "रविवारी सकाळी या. रस्ता मोकळा असतोय. मी शेजारी बसतो."

घरी परतताना मी रिक्षात न राहवून म्हटलं, "ताई, डॉक्टरांना विचारलंत का, गाडी चालवली तर चालेल का म्हणून?"

"न्हाई इचारलं."

"का?"

"कामून इचारू? न्हाई म्हनले असते."

रविवारी संतोषशेठ गाडी मोशीलाच घेऊन आला. हँडब्रेकवर हात ठेवूनच तो शेजारी बसला. मागे सीट म्हणावी अशी जागाच नव्हती, तिथे मी गुडघे छातीशी घेऊन कोंबून बसले. कुंदाताईंनी इंजिन सुरू केलं तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. प्राधिकरण भागातल्या रुंद रस्त्याला लागलो. पहिला, दुसरा. मग त्यांचा हात गिअरवर क्षणभर थांबला. तिसरा. गाडीनं पाठीत धक्का दिल्यासारखी झेप घेतली. चौथा. मागून मला आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. आनंदाचा म्हणावा असा तो नव्हता. फार लांबून कुणाची तरी हाक ऐकू येतेय आणि ती नीट ऐकायची आहे, तसा होता. संतोषशेठनं गाणी लावली नाहीत की गाडीची तारीफ केली नाही.

सिग्नल लाल झाला. त्यांनी व्यवस्थित गाडी थांबवली. क्लच दाबून धरला होता. मला पाठीमागून त्यांची डावी मांडी थरथरताना दिसायला लागली. संतोषशेठ म्हणाला, "ताई, न्यूट्रल करा." त्या "हां" म्हणाल्या आणि त्यांचा हात गिअरकडे जातोय तोवर पाय घसरला.

गाडी उसळली आणि बंद पडली. संतोषशेठनं हँडब्रेक खेचला होता. पुढे एक बाई कडेवर पोर आणि हातात दुधाच्या पिशव्या घेऊन रस्ता ओलांडत होती. बॉनेट तिच्या पातळाला लागलं होतं. पिशव्या रस्त्यावर फुटल्या. पोर किंचाळलं. त्या बाईनं तोंड सोडलं, "डोळं फुटलं का गं तुझं? मारती काय माझ्या लेकराला? बापाचा रस्ता हाय काय?"

कुंदाताई दार उघडून उतरल्या. पाय ओढत तिच्यासमोर गेल्या, हात जोडले. "चुकी माझी हाय बाई. पूर्ण माझी हाय." त्यांनी पोराच्या पायाला हात लावला, कुठं लागलंय का बघितलं. पोर त्यांच्याकडे बघून आणखी जोरात रडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. संतोषशेठनं गाडी कडेला घेतली, बाईला दुधाचे पैसे दिले. ती बडबडत निघून गेली.

कुंदाताई दुभाजकावर बसल्या. घामानं ब्लाउज भिजला होता. बऱ्याच वेळानं संतोषशेठला म्हणाल्या, "शेठ, गाडी लई चांगली हाय. मला नको."

त्यानं समजूत घालायचा प्रयत्न केला, क्लच बदलून देतो म्हणाला. त्या म्हणाल्या, "क्लचचा दोष न्हाई हो."

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. मेघा स्वयंपाक करत होती, भांडी जरा जास्तच आपटत होती. मी हळूच विचारलं, "वाईट वाटतंय का?"

"त्या लेकराचं वाटतंय." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "गाडीचं न्हाई. बग शैला, आता माझं एकेक काढून घेतलं जानार. न इचारता. गाडी काय माझ्याकडून कुनी काढून घेतली न्हाई. मी सोडली. हे येगळं हाय का न्हाई?"

मला तेव्हा ते नीटसं कळलं नव्हतं. पुढच्या वर्षभरात कळलं. आजार एक पाऊल टाकायच्या आत कुंदाताई स्वतः ती जागा सोडून द्यायच्या. अजून धरून धरून जिना उतरता येत होता तेव्हाच एके दिवशी म्हणाल्या, "उद्यापासून जिना बंद." भाकऱ्या थापताना हात वळेनासा व्हायला लागला, तर अजून गोल भाकरी येत होती तेव्हाच शेवटची भाजली आणि मेघाला म्हणाल्या, "आता तू. मला जमंना म्हनून न्हाई, मी बंद केलं म्हनून." केस विंचरणं, फोन, पायानं चालणं, सगळं असंच. मी बघत होते, म्हणून सांगते. त्यानं दुखणं कमी झालं नाही. काही रात्री त्या मेघाला न कळेल असं उशीत तोंड घालून रडायच्या, ते मेघाला कळायचंच. एकदा माझ्या हातून पाणी पिताना ठसका लागला आणि त्या माझ्यावर खेकसल्या, "काय बगायलीस अशी? मेले न्हाई अजून." मग लगेच माझा हात धरायला हात उचलायला गेल्या, तो उचलला गेला नाही.

शब्द जड व्हायला लागले तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "बोलता येतंय तवर सांगते. श्वासाचं मशीन लावू नका. घसा फोडू नका. मी सांगितलंय, ध्यानात ठिवा." मेघानं मान हलवली. डॉक्टरांनाही सांगून झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी बोलणं सोडलं. अजून दोन-चार शब्द येत होते, पण ते ऐकणाऱ्याला फार त्रास व्हायचा.

उन्हाळ्यात छातीत कफ साठला आणि श्वास लागला. ॲम्ब्युलन्समधून चिंचवडला नेलं. तरुण डॉक्टर होता. म्हणाला, "मशीन लावलं तर काही महिने निघतील. नाही लावलं तर दिवस. काय करायचं?"

आणि तेव्हा मान हलवणारी मेघा म्हणाली, "लावा. लावा डॉक्टर, लगेच लावा."

मी मागे सरकले. माझी ती जागा नव्हती. जुने कागद चाळून डॉक्टर कुंदाताईंजवळ वाकला. त्यांना आता फक्त डोळे हलवता येत होते. "मावशी, तुम्ही आधी नको म्हणाला होतात. आताही नकोच असेल तर डोळे मिटा."

त्यांनी डोळे मिटले नाहीत.

डॉक्टरनं परत विचारलं. त्यांनी मिटले नाहीत. मला वाटलं, घाबरल्या असतील. कुणालाही जगावंसं वाटेल. मग माझ्या लक्षात आलं, त्या डॉक्टरकडे बघतच नव्हत्या. त्या मेघाकडे बघत होत्या. पापणी न हलवता, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाही, नुसत्या बघत होत्या.

मेघालाही ते कळलं. ती पलंगाशी गुडघ्यावर बसली, आईच्या कपाळाला कपाळ लावलं. श्वासाचा घरघर आवाज तेवढा येत होता. मेघा काही वेळ तशीच राहिली आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बरं आई. नको लावूया. घरी जाऊ."

तेव्हा कुंदाताईंनी डोळे मिटले.

आम्ही त्यांना मोशीला घरी आणलं. दोन दिवसांनी, दुपारी, मेघा त्यांचे ओठ ओल्या कापसानं पुसत असताना त्या गेल्या. मरणानं ओढून न्यावं असं त्यांनी स्वतःजवळ फारसं काही उरूच दिलं नव्हतं. एक मेघा तेवढी राहिली होती, आणि तिचा होकार घेतल्याशिवाय त्या गेल्या नाहीत.