घरचे आणि पाहुणे

माहेरी, आष्ट्याला, टीव्हीच्या शेजारी एक काळा डबा आहे. आत दोन हार्ड डिस्क, आणि तो घरच्या इंटरनेटला जोडलेला. त्यात ठेवलेले फोटो, व्हिडिओ कुठूनही उघडून बघता येतात. म्हणजे ज्याला परवानगी असेल त्याला. डबा मीच आणला, मीच जोडला. साताऱ्याच्या एका कॉलेजात संगणक विभागात माझा दिवसभर हाच धंदा असतो: कुणाला कुठली फाइल दिसावी, कुणाला बदलता यावी, कुणाला दारातूनच परत पाठवावं.

डबा जोडला तेव्हा वडील हयात नव्हते, आई होती. तिला मी समजावून सांगितलं की घरच्यांना सगळं उघडेल, पाहुण्यांना फक्त पुतणीच्या लग्नाचे फोटो. ती म्हणाली, "आनि किल्ली कुनाच्या कमरेला?" मी दादाचं नाव सांगितलं. मुख्य पासवर्ड माझ्याकडे ठेवता आला असता. पण माहेरचं काही लेकीच्या हातात राहू नये, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. डब्यात कुणाचं नाव कसं घालायचं, कसं काढायचं, हेही मीच दादाला दाखवलं. फौजेतून निवृत्त होऊन आलेला माणूस, पण शिकला पटकन.

'आई' नावाच्या फोल्डरात मी तिचं बोलणं साठवत गेले. ती जतकडची, कर्नाटकाच्या सीमेवरची. मावशी आली की दोघी कानडीत सुरू व्हायच्या. सासरी उभा जन्म दबक्या आवाजात बोललेली बाई तेव्हा खदाखदा हसायची. घरात कुणाला काही कळायचं नाही, मलाही निम्मंच. मी मोबाइलवर ते टिपायचे, डब्यात टाकायचे आणि मोबाइलवरून बिनधास्त पुसायचे. डब्यात आहे म्हटल्यावर काळजी कसली!

आई गेली. वर्षश्राद्ध झाल्यावर निबंधक कार्यालयात जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही केली. उसाच्या रानात बहिणीचा हिस्सा कायद्याने असतो, रीतीने नसतो. भावाशी वैर कोण घेणार? दादाने साडी दिली, वहिनीने पुरणपोळ्या केल्या, आणि मी खुशीत साताऱ्याला परतले.

पुढच्या रविवारी आईचा आवाज ऐकावासा वाटला. लॅपटॉप उघडला, तर समोर 'परवानगी नाही'. रोज इतरांना मी हेच दाखवते. माझ्यावर तीच वेळ आल्यावर आधी वाटलं, डबाच बिघडला.

दादाला फोन केला.

"आगं, म्याच काडलं नाव," तो म्हणाला. "सही केलीस न्हवं? मग म्हनलं, आता कशाला."

"सही रानाची केली, दादा. आईची न्हाई."

"आई काय रानापास्नं येगळी हाय व्हय?"

"बरं, ठेवते मग," मी म्हटलं. ते त्याला जड गेलं असावं. "लगीच तोंड पाडू नगंस. घालतो परत नाव. भावाला बहीन काय जड हाय व्हय?"

दादा शब्दाचा पक्का. थोड्या वेळाने डबा उघडला. मला भरून आलं, मनात घातलेल्या शिव्या मी मागे घेतल्या. मग बघते तर उघडतंय ते एकच, पुतणीच्या लग्नाचे फोटो. 'आई' हे नाव दिसत होतं, उघडत नव्हतं. त्याने मला 'पाहुणे' या गटात घातलं होतं. तो गट मीच तयार केलेला, नावही मीच दिलेलं.

परत फोन केला. तो अगदी मायेने म्हणाला, "आगं, दिल्या घरची तू. पावनीच की आता. काय पायजे ती सांग, आमी पाठवतो की."

त्याच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं, हेच जास्त लागलं. भांडला असता तर मीही चार शब्द सुनावले असते. त्या घरात कानडी कुणालाच येत नाही, म्हणजे तो फोल्डर आता कुणी उघडत नसणार. आईचं हसणं तिथे आहे, आणि ते मला भावाकडे मागायचं आहे.

मी अजून मागितलेलं नाही.