कापसाच्या ढिगावरची मालिका

घरात कापूस भरला की दिवेलागणीला एक वास सुटतो. उन्हाचा, सरकीच्या तेलकटपणाचा आणि बोंडासोबत आलेल्या वाळल्या पानांच्या चुऱ्याचा. वडनेरच्या आमच्या घरात थंडी पडली की हा वास आढ्यापर्यंत चढतो, आणि त्याच्या मागोमाग अंगाला खाज येते, मानेला, कोपराला, पाठीवर हात पोचत नाही नेमकी तिथे. यंदाही आतल्या खोलीत पांढरा ढीग लागला आहे. माझी बायको यमुना पोळा झाल्यावर गेली. तेव्हापासून मी या घरात उठतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो, आणि बसल्यावर कळत नाही की उठलो कशाला होतो.

ती खाटेवर होती तेव्हा टीव्हीवर एका मालिकेची जाहिरात लागायची. शहरातलं जोडपं नोकरी सोडून खेड्यात राहायला येतं, आणि मग हसूच हसू. पडल्या पडल्या ती म्हणाली होती, "हे सुरू झालं का मले उठवजा. शयरातले लोक इथं कसे राह्यते, मले पाह्याचंच हाय."

मालिका सुरू व्हायच्या आधीच ती गेली.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की टीव्हीवर फडकं पडतं. तेरवी आटोपली, लेक सासरी परतली, तरी मी ते फडकं तसंच ठेवलं होतं. मालिका लागल्याचं कानावर आलं त्या संध्याकाळी काढलं. मी चौथी शिकलेला माणूस, मला शोक कसा करतात ते नीट येत नाही. मनात एवढंच होतं की तिचं एक पाहायचं राहिलं, ते आपण पाहून टाकावं.

टाकाऊ निघाली. सोन्यासारखी संध्याकाळ दाखवतात, पण त्या उजेडात धूळ नाही. गाय अशी की जन्मात शेण टाकलं नसावं. गावातले लोक ऐन हंगामात कामधंदा सोडून पारावर बसतात आणि त्या शहरवाल्यांची फजिती पाहून टाळ्या पिटतात. आणि प्रत्येक वाक्यामागे हशा, कोणाचा ते दिसत नाही, नुसती माणसं हसतात. मी रोज चिडून बंद करायचो, रोज पुन्हा लावायचो. आज तरी एखादा भाग बरा निघेल, ती फुकट वाट पाहत नव्हती एवढं तरी मला कळेल, या आशेनं.

माझे कान जड, म्हणून आवाज मोठा. एक दिवस शेजारच्या कांताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. यमुनेसोबत जन्मभर कापूस वेचलेली बाई.

"काहो भाऊजी, तुमच्या घरी कोण हासून राह्यलं? गल्लीतल्या बाया म्हणते, म्हाताऱ्यानं वरीसही होऊ देल्लं नाई!"

"मी कायले हासू? थो डब्बा हासते," मी म्हटलं. "यमुनेले पाह्याचं होतं, म्हणून लावलं."

त्या चौकटीला टेकून उंबऱ्यात बसल्या. पडद्यावर ते जोडपं घरात भरलेल्या कापसात उड्या मारत होतं, रेशमी कपड्यांत, ढगात लोळल्यासारखं, मागून गाणं.

"लोळ माय, लोळ!" कांताबाई एकदम म्हणाल्या. "मंग रातभर आंग खाजवत बसजो!"

आणि मी हसलो. पाणी आटलेल्या विहिरीवरचा पंप सुरू व्हावा तसा घरघरत, पण हसलो. कांताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, नंतर त्याच पदरानं डोळे पुसत होत्या. जाताना म्हणाल्या, "आवाज कमी करजा. अन् गल्लीतल्यायले मी सांगतो काय सांगाचं थे."

त्या गेल्यावर खोलीत वास अधिकच दाटल्यासारखा झाला. मला बसवेना. आमच्या घरात इतकी वर्षं टीव्ही चालला, आणि मी समजत होतो की मालिका चांगल्या असतात. दागिने घालून झोपणाऱ्या सुना, महालासारखी स्वयंपाकघरं, मेलेले परत येणारे नवरे. मी कधी उठून गेलो नाही. आता वाटतं, त्या सगळ्या अशाच टाकाऊ असाव्यात. खाटेवरून, चुलीजवळून, भाजी निवडता निवडता यमुना त्यांच्यावर जे तोंड सोडायची, तेच मी संध्याकाळभर ऐकत बसायचो. पडद्याकडे माझं नुसतं तोंड होतं.

मी आवाज पार बंद केला. मुकी तोंडं हलत राहिली. तिनं आत्ता काय म्हटलं असतं, ते मनात जुळवू लागलो. कांताबाईंना ते सहज आलं, मला येईना. जन्मभर नुसतं ऐकलेलं माणूस मी.

ती सुरुवात नेहमी एकाच शब्दानं करायची. "पाह्य," मी मोठ्यानं म्हटलं, आणि पुढचं शोधत त्या उजेडासमोर उभा राहिलो.