मोतीरामचे ओले पाय

मोतीराम गेल्याचं मला एका गाडीवानाने सांगितलं, तेही बैल सोडता सोडता. अमरावतीहून कापूस घेऊन तो अकोल्याच्या बाजारात उतरला होता. "तुमचा तो गासड्या तुडवनारा मोतीराम... तापानं गेला जी. चार रोज झाले." एवढं बोलून तो बैलांना पाणी दाखवायला वळला. मी तिथेच उभा राहिलो. उन्हात रुईचे तंतू तरंगत होते, खाली यायला तयार नव्हते, आणि त्यांतला एखादा मोतीरामच्याच अंगावरून उठून इथवर आला असावा असं मला उगाच वाटत राहिलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. वाचकांपैकी फार थोडे त्याला ओळखत असतील, कारण मोतीराम कुणी उपदेशक नव्हता. अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसामागे सगळं जग लागलं, त्या दिवसांत तो अमरावतीच्या एका वखारीत कामाला होता. दोन खांबांमध्ये तरटाचं उंच पोतं टांगायचं, वरून रुई ओतत राहायची आणि आत उभं राहून माणसानं ती पायांनी दाबायची, असं ते काम. सुरुवातीला पोत्याच्या तोंडातून त्याचं नुसतं पागोटं दिसे. रुई चढत जाई तसा तोही वर येई, खांदे, छाती, कंबर... आणि शेवटी भरल्या गासडीवर उभा असे, पापण्यांपर्यंत पांढरा, हसरा, जमिनीशी काही संबंधच नसल्यासारखा. मी तेव्हा अमरावतीलाच मिशनच्या शाळेत मुलांना शिकवत होतो. शाळा सुटल्यावर कितीतरी वेळ मी ते बघत उभा राहत असे.

पोत्याजवळ पाण्याची एक मोठी परात ठेवलेली असे. आत उतरण्याआधी पाय त्यात बुडवायचे, मधून मधून वरून पाणी मागून घ्यायचं. रुई नीट बसते म्हणून, असं सगळे सांगत. खरं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. ओली रुई काट्यावर जड भरते, आणि समुद्रापलीकडे पोचेपर्यंत आतून कुजते. तिथे बघायला कोण जातंय? वखारीत हे पाप आहे असं कुणाला वाटतच नव्हतं.

मोतीरामने ख्रिस्ती शास्त्र माझ्याकडून ऐकलं आणि माझ्यादेखत बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्याच दिवशी मी वखारीवरून गेलो, तर गृहस्थाचे पाय परातीत. मी चारचौघांत त्याला झाडला. माझा राग आमच्या मंडळीत सर्वांच्या परिचयाचा आहे. तो मुकाट्याने पाय पुसून आत उतरला. आठ दिवस पाय कोरडे राहिले, मग पुन्हा परात. असं किती वेळा झालं, आता आठवत नाही. दर वेळी तो आपण होऊन येई, कबूल करी, आणि दर वेळी मी त्याला फैलावर घेई.

एका दुपारी तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं, मंडळीने मिळून प्रभूच्या नावाने भाकर घेण्याचा विधी. "पंतोजी, माणूस इस्वास ठेवते, अन् तरी रोज तेच पाप करते. देव त्याले सोडून देईन काय?"

माझ्यापाशी उत्तर तयारच होतं. ज्याला पाप सोडवत नाही त्याने विश्वास धरलेलाच नसतो, मी म्हणालो, आणि पाय कोरडे होईपर्यंत तू त्या भाकरीला हात लावू नकोस.

"बरं जी," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, आपल्याशीच बोलल्यासारखं, "पन त्या पान्यात पाय घालताना आता बरं नाई वाटत मले. पयले वाटे."

ते मी ऐकून सोडून दिलं. खरं तर तेच ऐकायचं होतं. पुढे मी अकोल्याला आलो, आणि दोन वर्षांत त्याला साधा निरोपसुद्धा धाडला नाही.

गेल्या आठवड्यात अमरावतीला जाऊन त्याच्या बायकोला, सारजाबाईंना, भेटलो. त्या म्हणाल्या, वर्ष झालं, त्याने परात कायमची सोडली होती. धोतराचं एक फडकं तो घरून न्यायचा, पाय पुसून मगच पोत्यात उतरायचा. वखारीच्या शेठने चार दिवस बघितलं आणि त्याला गासडीवरून काढून बायांबरोबर रुईतला कचरा वेचायला बसवलं.

"मग मला का नाही कळवलं?"

"म्या म्हनलं त्यायले, पंतोजीले निरोप धाडा. त म्हने, आज कोरडे हायेत. उद्या वले झाले त पुन्हा काय तोंड दाखवू..."

"आणि प्रभुभोजन?"

"नाई घेतलं. तुमी नाई म्हनलं होतं ना."

कृपा मिळाली म्हणून पापात खुशाल राहावं, असं मी आजही म्हणणार नाही. पण पापात सुखाने राहणारा आणि पडून पडून उठणारा, हे दोघे मी एकच समजलो. माझ्या रागाबद्दल मी आजवर कितीदा पश्चात्ताप केला, आणि दर रविवारी हात पुढे करून भाकर घेतली. मला कुणीच अडवलं नाही.

"पंतोजी, ते तारले गेले ना?" सारजाबाईंनी विचारलं.

"तो तारला गेला नसेल, तर मी नाहीच नाही."

"तुमच्यासाठी देवापाशी मांगत ते," त्या म्हणाल्या. "पंतोजीचा राग जाऊ दे म्हनून. तेवढं मांगल्याबिगर घास घेत नोते, एक दिवस नाई."

आता ताट समोर आलं की मी थांबतो. आज माझ्यासाठी कुणी मागितलेलं नाही, हे मला तेव्हा कळतं.