मरत्या ताऱ्याचा तो कोपरा

आधीच सांगते, आम्ही बौद्ध. आत्माच मानत नाही, तर भूत कुठून मानणार? कोणी असले किस्से सांगायला लागलं की सगळ्यात आधी मीच खिल्ली उडवते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होऊन राहिलं आहे...

जबलपूर, अधारतालचं आमचं घर. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, सोबत पीएचडी. विषय — मरणारे तारे. सूर्यासारखा तारा मरताना अंगावरचा वायू बाहेर फेकतो, त्याचा मोठा ढग होतो. ताऱ्याच्या प्रखर किरणांनी त्यातले रेणू तुटतात, पण कुठंकुठं थंड गाठींमध्ये टिकूनही राहतात. कसे, तेच मी शोधते. रेडिओ दुर्बिणीचा डेटा कॉम्प्युटरवर घ्यायचा अन् खराब सिग्नल पुसत बसायचं. डोकं पिकतं नुसतं!

त्या उन्हाळ्यात आईला लकवा मारला. वाचा गेली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मला एकच हवं होतं — तिनं एकदा, फक्त एकदा माझ्याशी बोलावं.

भर दुपार होती. आतल्या खोलीत वहिनी आईला पेज भरवत होती. मी बाहेरच्या खोलीत, मध्ये भिंत. स्क्रीनवर ढगाच्या कडेला, कोपऱ्यात एक ठिपका दिसला. तिथं वायू एवढा विरळ, किरणांपुढे रेणू कसले टिकतात? म्हटलं, कचरा आहे. पुसून टाकला.

तोच आतून आवाज —

"काहून पुसलं वं? कोपऱ्यातलं ते... जित्तं हाय ना अजून!"

आईचाच आवाज! वहिनी माहेरची हिंदीवाली, ती ओरडली, "दीदी, जल्दी आओ! मम्मीजी बोलीं!"

धावले. "आई, काय पुसलं मी? सांग ना!" हात धरला, रडले, विनवण्या केल्या. ती नुसती बघत राहिली. त्याच आठवड्यात गेली.

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपल्यावर मी तो ठिपका परत आणला अन् वेगळ्या दिवशी घेतलेल्या डेटाशी ताडून पाहिला. बाप रे! तिथंच होता. कार्बन मोनॉक्साइड. सगळा तारा उधळून गेला, तरी त्या कोपऱ्यात रेणू एकमेकांना धरून बसले होते. किती तरी वेळ मी स्क्रीनसमोर हात जोडून बसले, कोणाला ते माहीत नाही.

डॉक्टर म्हणतात, जाताना अशी माणसं कधीकधी बोलतात. अच्छा, मान्य. पण तिनं ती स्क्रीन पाहिलीच नव्हती, मग तो कोपरा तिला दाखवला कोणी? एवढं मात्र खरं... आई शेवटचं बोलली ती माझ्याशीच, अन् तेही रागावून.