नवऱ्याची संमती

ऐंशीच्या सुमारास मी मनोरच्या एका बँकेत कारकून होतो. तिथले आमचे साहेब बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांना छोटी कर्जं द्यायचे. दर वाक्याआधी ते ‘भगिनींनो’ म्हणायचे. बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं भाषण ठोकून झालं की ते फॉर्मवर नवऱ्याचा अंगठा मागायचे.

एकदा एक विधवा आली.

“नवऱ्याची संमती?” साहेबांनी विचारलं.

“मेला त्यो, सायेब. तीन वरसा झाली.”

“ते ठीक आहे, पण संमती लागेलच.”

“मंग तुमीच जाऊन इचारा त्याला.”

रांगेतल्या बायका खदखदून हसल्या. साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि फॉर्मवर लिहिलं, ‘पती परगावी’. कर्ज मंजूर झालं.

सहा महिन्यांनी वरच्या कचेरीनं विचारलं, “पती परतले का?”

साहेबांनी गंभीरपणे कळवलं, “अद्याप नाही.”