घामाचं निमित्त

दाते हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव कागदोपत्री कुठेतरी सुखरूप आहे, पण एकतीस वर्षं सायकलवरून दात वाहणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? दातांच्या दवाखान्यातून रुग्णाच्या जबड्याचा ठसा उचलायचा, कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात पोचवायचा, आणि तयार कवळी त्याच वाटेने उलट नेऊन द्यायची, हे त्यांचं काम. शहरातल्या निम्म्याअधिक म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या कॅरिअरवरून गेलेलं आहे. ओळख मात्र कुणी देत नाही. हसताना माणूस वाहतुकीचा विचार करत नाही.

गेल्या उन्हाळ्यात दात्यांच्या डोळ्यांत घाम जायला लागला. निदान ते तसं म्हणत. डावा डोळा चुरचुरायचा, पाणी यायचं, समोरचं धूसर व्हायचं आणि डाव्या बाजूचं तर कधी कधी नसल्यासारखंच व्हायचं. घाम डोळ्यांत जात होता हे खोटं नव्हतं. फक्त घामच होता हे खोटं होतं, आणि ते तपासून पाहायला दाते तयार नव्हते. डोळे गेले तर सायकल गेली, सायकल गेली तर काम गेलं. सायकल न चालवणाऱ्या दात्यांसाठी कारखान्यात स्टूलसुद्धा नव्हतं.

घामाचं मात्र बरं असतं. त्याला उपाय असतो, आणि उपाय सगळ्यांनाच माहीत असतो.

“एकतीस उन्हाळे काढलेत ना काका? मग घाम आत्ताच कसा दिसला तुम्हाला?” कारखान्याचे मालक म्हणाले. वयाने ते दात्यांहून पंधरा वर्षांनी लहान, म्हणून काका म्हणत, आणि मालक होते म्हणून टोमणाही मारत.

“हे ऊन वेगळं आहे, मालक.”

“ऊन तेच आहे. तुम्ही भाजत आलात.”

पण माणूस वाईट नव्हता. प्लास्टर साच्याला चिकटू नये म्हणून तिथे व्हॅसलिन लावतात. त्यातलंच बोटभर काढून त्यांनी स्वतः दात्यांच्या भुवयांवर एक जाड रेघ ओढली. घाम रेघेला अडेल, बाजूने वाहील, कानामागून उतरेल. तत्त्व बिनतोड होतं. पहिल्या दोन चौकांपर्यंत ते टिकलंही. तिसऱ्या चौकात ऊन वाढलं, रेघ वितळली, आणि दात्यांच्या डोळ्यांत घाम व व्हॅसलिन हे दोन्ही एकजुटीने शिरले. मग टोपी झाली. टोपीने घाम थांबला नाही, साठला. मान खाली घातली की एकदम सुटायचा. ओला रुमाल झाला, तो वाळून घसरायचा आणि डोळ्यांवर यायचा. कुणी म्हणालं, वर बघून चालवा. वर बघून चालवणाऱ्याचं काय होतं ते रस्त्यावर सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून तो उपाय सांगणाऱ्याकडेच राहिला.

शेवटी प्रश्न घरी गेला. दात्यांची बायको पडदे आणि गणवेश शिवून देते. कपड्याला ताण कुठे येतो आणि पाणी कुठे उतरतं हे तिला बघून कळतं. तिने नवऱ्याला खिडकीशी बसवलं आणि कपाळाचं माप घेतलं.

“अहो, भुवया कुठे गेल्या तुमच्या? लग्नात तर होत्या.”

“लग्नात बरंच काही होतं.”

“देवाने घाम अडवायला दिल्या होत्या. तुम्ही त्याही सांभाळल्या नाहीत.”

जुन्या टॉवेलची तिने पट्टी शिवली. मधे दुहेरी, कानांकडे निमुळती, आणि आतून एक तिरपी शिवण, पन्हळीसारखी. घाम मधे शोषला जायचा, जास्तीचा शिवणीवरून दोन्ही कानांकडे उतरायचा. अशा चार पट्ट्या झाल्या. सकाळी एक, दुपारच्या फेरीला दुसरी. संध्याकाळी ती दोन्ही पिळून दोरीवर टाकायची. पिळताना पाणी निघायचं, वाळल्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटायच्या. पट्टी खरोखर काम करत होती. दात्यांच्या डोळ्यांत घाम जाणं जवळजवळ बंद झालं. दाते घरी येऊन मात्र सांगत राहिले, आजही गेला.

त्याच दिवसांत ती भानगड झाली.

दाते भर दुपारी दोन डबे घेऊन निघाले होते. दोन्हींत कवळ्या, दोन वेगळ्या दवाखान्यांच्या. रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या गाडीचा दरवाजा उघडला. उघडणाऱ्याने नंतर शपथेवर सांगितलं की तो केव्हाचाच उघडा होता. दाते त्यावर जाऊन आदळले. पिशवी पडली, डबे घरंगळले. एरवी डबा उचलताना त्यावरची नावाची चिठ्ठी वाचायची त्यांना गरज नसायची. कुठला डबा पिशवीत कुठे ठेवलाय हे हाताला पाठ असायचं. आता ते गणितच रस्त्यावर सांडलं होतं. त्यांनी चिठ्ठ्या डोळ्यांजवळ नेल्या. अक्षरं आली आणि गेली. लोक जमायला लागले होते. दात्यांनी अंदाज केला.

अंदाज चुकला. दवाखान्यांतही चिठ्ठी कुणी वाचली नाही, दात्यांनी आणलेला डबा कधी चुकत नसे. निवृत्त मुख्याध्यापिकेची कवळी एका निवृत्त बस कंडक्टरला मिळाली आणि कंडक्टरची बाईंना. कंडक्टरने पाच मिनिटांत ती तोंडातून काढून टेबलावर ठेवली. मुख्याध्यापिका दोन दिवस घालून बसल्या. नवी गोष्ट टोचतेच आणि तक्रार करणं हे शिस्तीत बसत नाही, असं त्यांचं मत होतं. हिरड्या सोलवटल्या तेव्हा कुठे त्या दवाखान्यात गेल्या.

मालकांनी दात्यांना बोलावलं. रिकामे डबे परत आले होते, चिठ्ठ्या त्यांवर होत्या. मालक फोनवर कुणाची तरी माफी मागत होते. तेवढ्या वेळात दात्यांनी कपाळावरचा घाम अंगठ्याने टिपला आणि तो अंगठा दोन्ही चिठ्ठ्यांवरून फिरवला. शाई पसरली.

“घामाचा थेंब पडला, मालक. नाव वाचताच येईना.”

मालकांनी चिठ्ठ्या पाहिल्या आणि चिठ्ठीवाल्या बाईंना हाक मारली. या बाई अठरा वर्षं शाईच्या पेनाने चिठ्ठ्या लिहीत होत्या. अक्षर असं की दवाखान्यातले लोक चिठ्ठी फेकून द्यायला कचरायचे. “बॉलपेन वापरा म्हणून किती वेळा सांगितलं?” मालक म्हणाले.  दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या दुसरं कुणी छापून चिकटवू लागलं आणि बाईंना मागच्या हौदावर साचे धुवायला बसवलं. दाते रोज त्या हौदावरून सायकल काढायचे. आपण बाईंविरुद्ध एक अक्षरही बोललो नाही, असं ते स्वतःला सांगत. ते खरंच होतं. एक अक्षर पुसलं होतं फक्त.

मग तीन दिवस आभाळ भरून राहिलं. गार वारा सुटला. लोकांनी पंखे बंद केले. तिसऱ्या संध्याकाळी दाते घरी आले तेव्हा डाव्या कोपरावर रक्त सुकलं होतं.

“काय झालं?”

“खांबाला घासलं. घाम गेला डोळ्यात.”

बायकोने जखम धुतली, मग सवयीने दिवसाच्या पट्ट्या घेतल्या आणि मोरीत पिळल्या. काही निघालं नाही. तिने पुन्हा पिळल्या. मग नाकाशी धरल्या. सकाळच्या साबणाचा वास जसाच्या तसा होता. तिने त्या दोरीवर टाकल्या, वाळलेल्याच.

जेवताना ती रोज समोर बसते. त्या दिवशी डावीकडे बसली. दाते भात कालवत होते. तिने त्यांच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर दोन बोटं धरली.

“किती?”

“कशाचे किती?” दाते म्हणाले.

तिने हात तसाच ठेवला. दात्यांना काहीतरी जाणवलं असावं, कारण त्यांनी मान वळवली आणि बोटं दिसली, अगदी नाकासमोर. 

“हा काय पोरखेळ,” दाते म्हणाले.

“कधीपासून?”

“घाम...”

“पट्ट्या रोज मी पिळते. मला घामाचं सांगू नका.”

दाते ताटाकडे बघत म्हणाले, “डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलं की ते काहीतरी काढतातच.”

“असलं तरच काढतात.”

“आणि निघालं म्हणजे? मी काय करायचं? घरी बसून पडद्यांना कड्या लावू?”

“लावा. मला मदतच होईल.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आज खांब होता. उद्या एखादं पोर असेल. तेव्हाही घामच सांगणार आहात का?”

 दात्यांनी भात संपवला, कारण ताटात टाकणं त्यांना आवडत नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीची खोली गार आणि अंधारी होती. दाते सकाळची फेरी आटपून, पट्टी बांधूनच गेले होते. ती काढायला सांगितल्यावर एकदम उघडं पडल्यासारखं झालं त्यांना. एका पांढऱ्या घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं, असं तिथल्या मुलीने समजावलं. दाते मन लावून बसले. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की दिवा साधारण ठरावीक अंतराने लागतो. दिसो न दिसो, ते त्या तालावर बटण दाबू लागले. एकतीस वर्षं पायडल मारलेल्या माणसाला ताल सांभाळणं जड नसतं. आपण चांगले मार्क मिळवतो आहोत असं त्यांना वाटायला लागलं होतं, तेव्हा मुलीने यंत्र थांबवलं.

“काका, तुम्ही दिवा लागायच्या आधीच दाबताय.”

“नजर तेज आहे.”

ती हसली नाही. “यंत्र मधेमधे दिवा लावतच नाही. नुसतं थांबतं. तेव्हाही तुम्ही दाबलंत, अकरा वेळा. अशा तपासणीचा काही उपयोग नाही. पुन्हा पहिल्यापासून करू या. दिसला तरच दाबायचं. न दिसलेलं दाबायचं नाही.”

दुसऱ्यांदा दात्यांनी तसं केलं. आधी डावा डोळा. ते ठिपक्याकडे बघत राहिले. यंत्रातून बारीक घरघर येत होती, दिवा हलवत असल्यासारखी. घरघर झाली की कुठेतरी काहीतरी लुकलुकलं असणार, हे त्यांना कळत होतं. अंगठा बटणावर होता. घरघर झाली, थांबली, झाली, थांबली. दिसत काहीच नव्हतं. अंधार दिसला असता तरी त्यांना चाललं असतं. पण अंधारही नव्हता, तिथे काही असू शकतं असंच वाटत नव्हतं. किती वेळ ते बसले कुणास ठाऊक. मुलीने मधे एकदा विचारलं, “काका, झोप नाही ना लागली?” दाते म्हणाले, “नाही. जागा आहे.”

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. डाव्या डोळ्याच्या चित्रात बहुतेक काळंच होतं. उजव्यात कडेला सुरुवात झाली होती. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, उरलेलं रोज थेंब घालून राखता येतं.

“घामामुळे झालं का?” दात्यांनी विचारलं.

“घामाचा काही संबंध नाही.”

घाम असा निर्दोष सुटल्याचं दात्यांना वाईट वाटलं.

“सायकल?” बायकोने विचारलं.

“रस्त्यावर नको.”

“माझी सगळी सायकल रस्त्यावरच असते,” दाते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी थेंबांची बाटली लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी दाते सायकल हातात धरून कारखान्यात चालत गेले. अर्ध्या तासाचा रस्ता सव्वा तासाचा झाला. मालक मागे हौदाजवळच उभे होते, कुठला साचा तडकला म्हणून बघत होते. चिठ्ठीवाल्या बाई बाजूला धूत बसल्या होत्या. प्लास्टरने हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. दात्यांनी सायकल भिंतीला लावली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. काचबिंदू, दरवाजा, डबे, अंगठा. सांगायला फार वेळ लागला नाही. आदल्या महिन्याभरात ते मनात कितीदा लांबवलं होतं त्या मानाने फारच थोडकं निघालं.

मालक ओरडतील अशी त्यांची अपेक्षा होती. मालकांनी विचारलं, “काल सकाळी किती डबे नेलेत?”

“आठ.”

“चिठ्ठ्या वाचून?”

दात्यांनी भिंतीला लावलेली सायकल उगाच सरळ केली. मालक फोनकडे निघाले. दारातून वळून म्हणाले, “तुमचं काय करायचं ते मला आत्ता सुचत नाहीये, काका. आधी ते आठ बघू द्या.”

हौदावर दोघंच उरले. बाईंनी नळ बंद केला.

“अंगठ्याने?”

“हो.”

“मी तीन पेनं बदलली,” बाई म्हणाल्या. “घरी वहीवर लिहून बघायची रोज. मला वाटलं, माझाच हात थरथरायला लागला. डॉक्टरला दाखवून आले.”

 बाईंनी हात पुसले, उठल्या आणि कुणाला न विचारता आत जाऊन आपल्या जुन्या टेबलाशी बसल्या. टेबलावर छापलेल्या चिठ्ठ्यांची चळत होती, ती त्यांनी एका बोटाने लांब सरकवली. दाते मागोमाग आले होते. आत फोनवर मालक चौथ्या दवाखान्याशी बोलत होते.

“कोऱ्या चिठ्ठ्या द्या,” बाई म्हणाल्या.

दात्यांनी टेबलावर बघितलं. नव्हत्या. खिडकीत बघितलं, पुन्हा टेबलावर बघितलं. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी हात लांब केला, दात्यांच्या डाव्या कोपराशेजारचा गठ्ठा उचलला आणि त्यांच्या उजव्या हाताजवळ आणून ठेवला.

“म्हणून मी माफ केलं असं समजू नका,” त्या म्हणाल्या.

“नाही समजत,” दाते म्हणाले, आणि एकेक चिठ्ठी मोजून त्यांच्याकडे देऊ लागले. आठ लागणार होत्या.